कधीतरी, एखादा

३ ऑगस्ट, शनिवार

ताई,

फोन बंद ठेवून तू नक्की कोणाला शिक्षा करतेयस ते एकदा सांग. हॉस्पिटलला? त्यांचं काही अडलेलं नाही. त्या क्लिपखाली शिव्या लिहिणाऱ्यांना? ते केव्हाच दुसऱ्या कोणाला शिव्या द्यायला निघून गेले. भोगतोय मी. आई येता-जाता विचारते, "लागला का रे?" आणि मी येता-जाता त्याच बाईचा आवाज ऐकतो, आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती वगैरे. आता ती बाई मला ओळखायला लागली असेल.

तुझ्या मैत्रिणीचा पत्ता जुन्या पार्सलच्या खोक्यावर सापडला. म्हणून हे पत्र. शाळा सुटल्यापासून मी पहिल्यांदाच पत्र लिहितोय, त्यामुळे अक्षराबद्दल एक शब्द बोलायचा नाही. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि स्वतःचं हे असं.

घरचं सांगतो. बाबा तुझं नाव घेत नाहीत. "तुझी बहीण" म्हणतात, जसं काही मीच तुला बाजारातून आणली. त्यांचं म्हणणं एकच. तुझ्या बहिणीनं सांगावं की गंमत केली, आणि घरात यावं. हॉस्पिटलच्या साहेबांनीही तोच निरोप धाडलाय की. चौकशी समितीपुढे एवढंच म्हणायचं की मी चर्चेपुरतं, उदाहरण म्हणून बोलले. सक्तीची रजा रद्द, कामावर हजर. इतकं सोपं. आणि तू जाऊन बसलीस डोंगरावर, मेंढ्या पाळणाऱ्या मैत्रिणीकडे.

क्लिप मी पुन्हा पाहिली. ग्रंथालयाचा तो हॉल, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. प्रौढ माणसानं जबाबदारीनं नशा केली तर कायद्यानं मध्ये यावं का, हा विषय. तुला बोलावलं होतं भूल देणारी डॉक्टर म्हणून, कुठलं द्रव्य शरीरात काय करतं ते सांगायला. ते तू छान सांगितलंस. मग मागच्या रांगेतल्या काकांनी विचारलं, तुम्ही स्वतः कधी घेतलंय का? ताई, याला "प्रश्न विषयाला धरून नाही" असं एक उत्तर असतं. शहाणी माणसं ते देतात. तू माइक जवळ ओढलास. हो, गांजा, वर्षातून दोन-तीनदा, सुट्टीत, ड्यूटी लांब असताना, सोबत एक माणूस शुद्धीवर ठेवून. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरांचं काय जातंय?

मूळ मुद्दा राहिला. बाबांचा खुबा पार गेलाय. सांधा बदलायचा ठरलाय, तुझ्याच हॉस्पिटलात, दोन सप्टेंबरला. भूल द्यायला तुझा तो ज्युनिअर आहे, ज्याला तू मफलर म्हणतेस. त्यानं सगळं विचारून घेतलं. दारू घेता का, म्हणाला. बाबा म्हणाले, "कधीतरी, एखादा." त्यानं मान हलवली, पुढचा प्रश्न.

दोन असतात. म्हणजे तसं काही विशेष नाही, तुला माहितीय. उगाच कळवून ठेवलं.

फोन चालू कर.

बारक्या


११ ऑगस्ट, रविवार

ताई,

आख्ख्या लिफाफ्यात दोन शब्द. "दोन रोज?" वर तिकीट लावलंस. सही करायचेही कष्ट घेतले नाहीस.

हो, रोज. साधारण सातच्या सुमाराला. पाहुणे असले तर तीन. मॅच असली तर तीन. आता मॅच हल्ली कुठली ना कुठली असतेच. झालं समाधान?

तू कशासाठी विचारतेयस ते कळतंय मला. मुद्दा जिंकायचाय तुला. बाप पितो ते चालतं आणि लेक ओढते ते चालत नाही, असं मी म्हणावं. मी हे परवा जेवताना बोलून बसलो, आणि तुझ्या माहितीसाठी सांगतो, ताटावरून उठायची वेळ आली. बाबांनी घास ठेवला खाली आणि मोजून मोजून बोलले. मी दुकानातून विकत घेतो, बिल घेतो. मी कधी पिऊन गाडीला हात लावला नाही. लायसनच्या परीक्षा घेतल्या आयुष्यभर, एकही माणूस पैसे घेऊन पास केला नाही, एकही दिवस पिऊन ऑफिसला गेलो नाही. माझ्यामुळे कोणाला त्रास झालाय का, विचार तुझ्या आईला.

आई भात वाढत होती. वाढतच राहिली. माझ्या ताटात डोंगर झाला.

मग मला काय चीड आली सांगू? त्यांची नाही, तुझी. कारण हे सगळं भाषण मी आधी ऐकलेलं होतं. सुट्टीत, ड्यूटी लांब असताना, मोजून, कोणाला त्रास न देता. फक्त कायद्याचं कलम वेगळं. हनुवटीसुद्धा तशीच वर. जबाबदार हा शब्द प्रत्येक जण स्वतःच स्वतःला लावून घेतो. शेजाऱ्यांनी आपल्याबद्दल म्हटलेला मी तरी अजून ऐकला नाही. दुकानात लोक रांगेत उभे असताना पुढच्याचं ऐकून भिंतीवरची शेवटची ओळ पाठ करतात, नंबर वाढू नये म्हणून, आणि मग माझ्याकडे बघतात असे की बघ, कसं दिसतंय मला. त्यांनाही आपली नजर छानच वाटते.

उत्तर नीट दे. आणि पाकिटावर माझं नाव घाल, आधी आईनं फोडलं होतं. तिला ते दोन शब्द वाचून काय वाटलं ते ती सांगत नाही.

बारक्या


१९ ऑगस्ट, सोमवार

ताई,

आता एकदम चार पानं. तुला मधलं काही जमतच नाही.

वाचलं सगळं. दोनदा. तू लिहितेस की मी प्रत्येक पत्रात एक पेग वाढवतोय. वाढवत नाहीये, आठवतंय तसं सांगतोय. तू लिहितेस की रोज पिणाऱ्याला भूल वेगळी द्यावी लागते. आणि खरी भीती ऑपरेशनची नाहीच, नंतरची आहे. दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, माणूस भलतंच बघायला लागतो, नळ्या उपटतो, झटके येऊ शकतात, आणि नवा खुबा घेऊन पलंगावरून उतरायला बघतो. तू हे वॉर्डात पाहिलंयस आणि त्यातल्या एकाचं पुढे काय झालं तेही लिहिलंयस. ते लिहायला नको होतं. मी त्या दिवशी दोन जणांना चुकीचा नंबर काढून दिला.

आणि मग ते वाक्य. माझं आख्खं काम लोक खरं सांगतात का यावर चालतं, मग कोणी मला खरं विचारलं तर मी खोटं कशी सांगू?

वाक्य छान आहे. पण मला त्या वाक्याचं काय करायचंय ते सांग. घरात मी राहतो. मफलरला जाऊन सांगायचं कोणी, मी. बापाच्या पाठीमागे बापाची चुगली कोणी करायची, मी. तू चार पानं लिहून मेंढ्यांकडे बघत बसणार. आणि आत्ता लगेच बंद करायला लावू नकोस, ते जास्त धोक्याचं, डॉक्टरांना सांगून हळूहळू उतरवायचं, असंही वर लिहिलंयस. म्हणजे मी बाबांना पिऊ द्यायची, आणि सांगायचंही की फार पिता.

असो. आईला सांगितलं. बाबा फिजिओच्या बाईकडे गेले होते तेव्हा. म्हटलं, आई, मफलरला खरा आकडा द्यायला पाहिजे, तीन म्हणून सांगू का? ती ओटा पुसत होती. पुसून झालेला ओटा परत पुसायला लागली. मग म्हणाली, "तीन नसतील रे ते."

म्हटलं, मी बघतो ना, तीन असतात.

"तीन दिसतात," आई म्हणाली.

ताई, खुर्चीत बसून वाच. आपली आई बाबांच्या बाटलीत पाणी घालते. कधीपासून, तर तू मेडिकलला गेलीस तेव्हापासून. नुसतं पाणी घातलं की रंग उतरतो, म्हणून कोऱ्या चहाचं पाणी. गाळून, गार करून. दर दोन दिवसांनी, ते अंघोळीला गेले की. तिला वाटायचं, तेवढीच कमी जाईल पोटात. मी विचारलं, अर्धं-अर्धं का? तर म्हणे अंदाजानं. तुझ्यासारखी डॉक्टर पोटी आली आणि आईचं माप अंदाजानं.

आणि आता तो कंपनीचा घोळ आठव. बाबांनी दारूच्या कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं होतं ना, मालाचा दर्जा घसरलाय म्हणून? इंग्रजीत, टाइप करून, तीनदा? कंपनीनं माफी मागितली होती. एक पेन सेट पाठवला होता. तो मी अजून वापरतो. हे पत्र त्याच पेननं लिहितोय.

तर आता मफलरला काय सांगू? बाबांचं उत्तर एखादा. मी बघतो ते तीन. आई म्हणते त्यातला निम्मा चहा. कळव.

बारक्या


२० ऑगस्ट, मंगळवार

ताई,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि मग एक गोष्ट सांगितली नाही असं वाटत राहिलं. सातच्या सुमाराला असं मी लिहिलं होतं. दुपारी जेवायच्या आधीही एक असतो. कधीपासून ते मला माहीत नाही. मी दुकानात असतो.

आणि खुबा आधीच गेलेला होता हे खरं, पण मे महिन्यात बाथरूममध्ये घसरले असं तुला सांगितलं होतं ना, ते बाथरूम नव्हतं. कोरडी जमीन होती. हॉल होता.

बास. आता माझ्याकडे काही शिल्लक नाही.


२८ ऑगस्ट, बुधवार

ताई,

तू सुचवलंस तसं काही झालं नाही. तू म्हणालीस, बाबांशी एकट्यानं बोल, शांतपणे, आरोप न करता. या घरात एकटं कोणी सापडतं का? मी सोफ्यावर त्यांच्याशेजारी बसलो, टीव्हीचा आवाज कमी केला, आणि तेवढ्यात आई येऊन उभी राहिली, हातात गाळणी घेऊन. मुद्दाम आणली होती की चुकून, देवाला ठाऊक.

मी तुझं पत्र काढलं. वॉर्डातलं ते सगळं वाचून दाखवलं, थरथरणं, नळ्या, झटके. त्या एकाचं पुढे काय झालं तेही. बाबा टीव्हीकडे बघत होते, आवाज नसलेल्या. मी म्हटलं, मफलर डॉक्टरला खरं सांगावं लागेल. ते म्हणाले, सांगितलंय खरं. मी कोणाच्या बापाला घाबरत नाही. एखादा घेतो.

तर आई म्हणाली, "अहो, मी चहा घालते त्यात."

मग तिनं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. गाळणं, गार करणं, अंघोळीची वेळ. रडली नाही. रेसिपी सांगावी तसं. बाबांनी रिमोट हातात घेतला. मला वाटलं आता काहीतरी फेकतात. ते म्हणाले, "म्हणजे कंपनीची चूक नव्हती."

मी हसलो, ताई. चूक झाली. पण हसलो. आईपण तोंडाला पदर लावून हसायला लागली. आणि बाबा हसले नाहीत. त्यांनी मला शू-रॅककडे पाठवलं. मागच्या बाजूला माझे जुने गमबूट आहेत, उजव्यात हात घाल म्हणाले. बाटली होती. आईच्या हाताबाहेरची, अस्सल. घरच्या बाटलीत दम राहिला नाही म्हणून ही वेगळी ठेवायला लागलो, म्हणाले. ती संपायच्या आत डाव्यात दुसरी असते.

म्हणजे काय झालं कळलं का तुला? आई कमी करायला गेली, तेवढी त्यांनी दुसरीकडून भरून काढली. ती घालत गेली, हे वाढवत गेले. इतकी वर्षं दोघं एका घरात, एकमेकांची इतकी काळजी घेत. मला गमबूट हातात धरून ओरडावंसं वाटलं.

आई खाली बसली. म्हणाली, मला वाटायचं मी तुम्हाला वाचवतेय. बाबा म्हणाले, मला वाटायचं तुला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला गेलो तिघं. मफलरनं परत विचारलं. बाबा ताठ बसले, परीक्षेला बसल्यासारखे, आणि सांगितलं. दुपारचा, संध्याकाळचे, गमबुटातले. मी इथे आकडा लिहीत नाही, तो त्यांचा आहे. एवढंच सांगतो, माझा तीन बराच लहान निघाला. सांगताना उजवा हात डाव्या हातानं धरून ठेवला होता. मफलरनं सगळं लिहून घेतलं, दोन गोष्टी परत विचारल्या, आणि म्हणाला, काका, ऑपरेशन पुढे ढकलतोय. महिना, कदाचित दीड महिना. औषधं देऊन, देखरेखीखाली, हळूहळू उतरवू. मग खुबा.

रिक्षात बाबा मीटरवर नजर लावून बसले. घरी आल्यावर भडकले. खोटं सांगितलं असतं तर सोमवारी टेबलावर असतो. खरं सांगितलं तर दुखणं घेऊन घरी बसा. ही कुठली पद्धत. खरं बोलणाऱ्याला घरी बसवायचं.

आई म्हणाली, "लेकीला पण बसवलंय की." आणि आत निघून गेली.

 

बारक्या


५ सप्टेंबर, गुरुवार

ताई,

तुझं पत्र काल आलं. बाबांना वाचायला दिलं, म्हणजे पहिलं पान दिलं. दुसरं माझ्याकडे ठेवलंय. का ते पुढे सांगतो.

आधी निरोप. बाबांनी विचारलंय, समिती कधी आहे. मी सांगितलं, सोमवारी सकाळी. म्हणाले, बाहेर बसायला बाक असतो का? मी म्हटलं असेल. मग म्हणाले, खुब्याला उशी लागेल. म्हणजे येणार आहेत. पटलेलं काही नाहीये, तसा गैरसमज नको. तुझी बहीण चुकीचं वागली असं आजही म्हणतात. गांजा तो गांजाच. पण गंमत केली म्हणून सांग, हे म्हणणं त्यांनी सोडलं. परवा शेजारच्या काकांनी विषय काढला तर म्हणाले, तिला विचारलं होतं, तिनं उत्तर दिलं, पुढे बोला.

औषधं चालू आहेत. गमबूट रिकामे आहेत, मी रोज बघतो. आई रोज चहा करते आणि कपात ओतते, थेट. चिडचिड आहे, झोप नाही, पण पाय ओढत फेऱ्या मारतात आणि मला टोमणे मारतात, म्हणजे ठीक आहेत.

आता दुसरं पान.

तू लिहिलंयस की इथे बरं वाटतं, संध्याकाळी मेंढ्या आत घातल्या की आम्ही बाहेर बसतो, आणि "हल्ली झोपेची चांगली सोय झालीय." तू शाळेपासून झोपत नाहीस, ताई. माझी खाट तुझ्या खाटेला लागून होती, मला माहितीय. झोपेची सोय. बाबांनीही त्या दिवशी मफलरला हेच सांगितलं, दुपारचा का घेता, तर म्हणे जरा सोय होते.

कदाचित मी उगाच वास घेतोय. कदाचित तिथली हवा चांगली आहे. पण महिनाभर मी या घरात एकेका माणसाकडून एकेक आकडा काढतोय, आणि आता माझ्या कानाला सवय लागलीय. बाबांचा एखादा होता. तुझा वर्षातून दोन-तीनदा आहे. तो तू बोललीस तेव्हा खरा असेल. मी मानतो. खरंच मानतो, त्या हॉलमधली तू मला आवडली होतीस, हे कधी बोललो नाही. मोठ्या माणसानं आपल्या सुट्टीत काय करावं हे मागच्या रांगेतल्या काकांनी ठरवू नये, हेही मानतो. पण तू जूनपासून सुट्टीवरच आहेस. ड्यूटी लांब आहे म्हणजे किती लांब? आणि तिथे शुद्धीवर कोण असतं? मेंढ्या?

मी समितीवाला नाही. क्लिप काढणार नाही. आईला सांगणार नाही, बाबांना तर नाहीच. मफलर विचारतो तसं विचारतोय. मान खाली, पेन हातात, चेहऱ्यावर काही नाही. हल्ली किती?

सोमवारी समितीत तुला बहुतेक हेच विचारतील, आणि तू माइक जवळ ओढशील, ओळखतो मी तुला. तेव्हा बाहेर बाकावर बाबा बसलेले असतील, उशीवर, ताठ. तुझ्या बाजूनं पहिल्यांदाच. त्यांना आतून काय ऐकू येणार हे मला त्यांच्या आधी माहीत पाहिजे. बस, एवढंच मागतोय. हे मी स्पीड पोस्टनं टाकतोय, पण उत्तर पत्रानं नको, वेळेवर पोचणार नाही. रविवारी ये, मी स्टँडवर असेन, घरी जायच्या आधी चालत चालत सांग.

कमी असेल तर ये. जास्त असेल तरी ये. पण कधीतरी म्हणू नकोस, एखादा म्हणू नकोस, आकडा घेऊन ये.

बारक्या